एका माणसाचा स्वयंपाक

सोनबर्डीत मारवाड्याचं घर एकच, आणि त्या घरात माणूसही एकच. शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे जाणारा जुना रस्ता गावात शिरतो तिथे पिंपळ आहे, पिंपळासमोर किराणा दुकान आणि दुकानामागे घर. मालक भंवरलालजी, गावाचे शेठ. शेठ म्हटलं की पोट पुढे आणि माणूस मागे असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हे शेठ म्हणजे धोतर गुंडाळलेली काठी. त्यांचे आजोबा मारवाडातून आले ते काय घेऊन आले, यावर दोन मतं आहेत. शेठ म्हणतात, नुसता लोटा. गाव म्हणतं, लोटा होताच, पण त्यात तराजू होता.

शेठ दुकानात अहिराणी बोलत, तलाठ्याशी मराठी बोलत आणि बायकोशी मारवाडी. धनकुंवरबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून मारवाडी बोलायची सोय राहिली नाही. मुलगा अनुज जळगावला, मेहरूणकडे नव्या इमारतीत राहतो, डाळीचा व्यापार करतो. माणूस चांगला. सून चेलना तर फारच चांगली. सासऱ्याशी ती इतक्या अदबीने हिंदीत बोलते की शेठना आपण बँकेत आलोय असं वाटतं. जळगावला गेले की शेठ लिफ्टपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारणार, “कथा चालना भाऊ?” म्हणजे कुठे निघालात, आणि नात तोंड फिरवून हसणार. तिथल्या समाजात कुणी त्यांची ओळख करून देताना ‘हे खेड्याकडचे’ म्हणतं, आणि सोनबर्डीत पंचाहत्तर वर्षं काढूनही ते ‘मारवाडी’च. थोडक्यात काय, माणूस दोन्ही घरचा पाहुणा.

मग जळगावला कायमचे का जात नाहीत? अनुज दर दिवाळीला विचारायचा, आणि शेठचं उत्तर ठरलेलं होतं. “महाराजसाहेब आले अन् दार बंद दिसलं तर?”

ही महाराजसाहेबांची गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. शेठ जैन, आणि जैनांचे साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहतात आणि मग उरलेलं वर्ष चालत असतात. अनवाणी. गाडी नाही, घोडा नाही. धुळ्याहून नंदुरबारकडे जाणाऱ्या साध्वी वर्षा-दोन वर्षांत एकदा सोनबर्डीवरून जात, मराठी शाळेच्या खोलीत दिवसभर विसावत आणि लाकडी पात्रं घेऊन गोचरीला निघत. गोचरी म्हणजे गाय जशी थोडं इथे, थोडं तिथे चरते, तसं घरोघरून थोडं थोडं अन्न घेणं. धनकुंवरबाईंचं सगळं आयुष्य या एका दिवसाची वाट पाहण्यात गेलं म्हणा ना. त्या रोज सकाळी पाणी उकळून पितळी पातेल्यात गार करत ठेवायच्या, कारण साध्वींना कच्चं पाणी चालत नाही आणि त्या कधी येतील ते कुणालाच ठाऊक नसायचं. बाई गेल्यावर शेठ दुसरं काही शिकले नाहीत, पण ते पाणी मात्र त्यांनी रोज उकळलं. दिवसभर स्वतःच प्यायचे. “चार साल व्हयनात, शेठले बारमाही ताप शे,” असं शेजारचा पुना म्हणायचा.

आता या गोचरीत एक अडचण आहे. अन्न घरच्यांसाठी शिजलेलं असलं पाहिजे. त्यातलं थोडं साध्वी घेतात. पण त्यांच्यासाठी म्हणून कुणी मुद्दाम रांधलं, तर ते अन्न ‘असूझता’ झालं. कितीही भक्तीने पुढे केलं तरी त्या पात्राचं झाकण उघडणार नाहीत. पूर्वी हा नियम पाळणं सोपं होतं, कारण साध्वी येणार हे माहीतच नसायचं. आता धुळ्याला विहार समिती आहे, या पायी प्रवासाची व्यवस्था पाहणारी. तिचे सेक्रेटरी प्रेमराजजी, फार उत्साही गृहस्थ. त्यांनी फोनवर गट काढलाय. साध्वी कुठून निघाल्या, कुठे पोचल्या, उद्या कोणतं गाव, सगळं फोनवर येतं. पुढे-मागे चमकणारी जाकिटं घातलेली पोरं चालतात, म्हणजे ट्रकवाल्यांना साध्वी दिसाव्यात. सोय मोठीच. फक्त जे माहीत असायला नको, तेही माहीत होतं.

तर गेल्या साली फोन वाजला, ‘सोमवारी सोनबर्डी’. शेठ पहाटे उठले. बाईंच्या पश्चात त्या घरात वरणभातापलीकडे काही शिजलं नव्हतं. त्या दिवशी गट्ट्याची भाजी झाली, मुगाचा हलवा झाला, तुपाने चमकणाऱ्या फुलक्यांची चवड झाली. फुलके आकाराने महाराष्ट्राच्या नकाशासारखे होते, पण होते भरपूर. थोरल्या साध्वी, ज्यांना महासतीजी म्हणतात, दोन लहान साध्वींना घेऊन दारात आल्या. वय झालेलं, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती, त्यामुळे चेहऱ्याचे डोळेच तेवढे दिसतात. त्यांनी आत पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं, आणि त्यांना नेहमी विचारावा लागतो तो प्रश्न विचारला. “घर में कितने जन हैं?”

शेठ दुकानदार होते. गिऱ्हाइकाशी बोलताना सत्य थोडं आखडतं घेण्याची कला त्यांना येत नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण महासतीजींशी खोटं? जीभ गळून पडली असती. म्हणाले, “एक.”

महासतीजींनी पुन्हा एकदा फुलक्यांच्या चवडीकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. नियम सांगत बसल्या नाहीत. पात्र झोळीत ठेवलं, हात वर करून मांगलिक, म्हणजे निरोपाचा आशीर्वाद, म्हटलं आणि पायरी उतरल्या.

आणि इथे खरी मौज झाली. पलीकडची भिंत पुना पाटलाची. शेताला माणसं होती, म्हणून त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, कळण्याच्या भाकरींची टोपली भरली होती. घर माळकरी, मांसमच्छी नाही. साध्वी त्या दारात थांबल्या, विचारलं, घरात किती, शेतावर किती, हिशेब जुळला, आणि कुंदाबाईच्या टोपलीतली अर्धी भाकर आणि पळीभर ताक घेऊन त्या शाळेकडे गेल्या. मारवाड्याच्या घरचं तूप तसंच राहिलं आणि पाटलाच्या घरची कोरडी भाकर पात्रात पडली. लोटनच्या सलूनमध्ये ही बातमी दुपारच्या आत तीन वेळा दाढी करून बाहेर पडली. मुगाचा हलवा शाळेतल्या पोरांनी खाल्ला. पोरांना नियमाचं काही नव्हतं.

शेठ तेव्हापासून कुंदाबाईकडे बघेनात. ओट्यावर ती दिसली की हे पिंपळाची पानं मोजायला लागत. शेवटी तीच भिंतीवरून कडाडली, “मी काय बलाई आनं व्हतं का त्यास्ले? दार उघडं व्हतं, त्या उन्यात.” शेठ पुन्हा पिंपळाकडे वळले. खरं म्हणजे तेच तर दुखत होतं.

त्यानंतर प्रेमराजजींचा फोन आला. फार नम्रपणे त्यांनी सांगितलं की मोठ्या रस्त्यावर आता साध्वींसाठी विहारधाम झालंय, मुक्कामाची सोय आहे, सोबतीला कुटुंबं राहतात. सोनबर्डीत घर एक, आणि त्या घरात गोचरी होत नाही. मग या आडवाटेला साध्वींना का चालवायचं? पुढच्या वर्षी एकदा पाहू. तेव्हाही जमलं नाही तर सोनबर्डी वाटेतून काढू. अनुजनेही तो धागा पकडला. व्यापारी बापाचा व्यापारी मुलगा. म्हणाला, “बापूजी, आता तुम्हीच सांगा. महाराजसाहेब येणारच नसतील तर दार उघडं ठेवायचं कुणासाठी?” शेठनी शब्द दिला. पुढल्या वेळी गोचरी झाली नाही तर दुकानाला कुलूप आणि जळगाव.

शब्द देऊन बसले खरे, पण जेवण जाईना. पुनाने हे ओळखलं. पुना आणि शेठ मराठी शाळेत एका पाटीवर शिकले. एकाने हिशेब घातला आणि दुसऱ्याने तो पुसला, एवढाच फरक. सत्तर वर्षांत शेठची चेष्टा केल्याशिवाय पुनाचा दिवस मावळला नव्हता. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला, तंबाखू मळली आणि निदान केलं. “शेठ, रोग तुन्हा पातेलाले नही. तुन्हा घर खानारा नही, हाऊ रोग शे.”

“मग काय करू? बाजारातून आणू?”

“बाजारमा कसाले? मी मरी गऊ का?”

दिवाळी झाली आणि पुना पाटील रोज शेठकडे जेवायला जाऊ लागले. एकटे नाही. एस.टी.तून निवृत्त झालेले हिलाल आबा, बायको नसल्याने कुठेही जेवायला तयार, तेही आले. लोटन सलून बंद करून येई, जेवणापेक्षा बातमीसाठी. म्हणजे घरात रोज चार ताटं. रोज चार ताटं म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक, आणि तोही खराखुरा, कुणासाठी मांडलेला नाही. युक्ती नामी होती. कुठल्या नियमात बसते आणि कुठल्या नाही, यावर शेठ पहिले काही दिवस रात्री जागून विचार करत. नंतर विचार करायला सवड राहिली नाही.

कारण हे जेवण म्हणजे तमाशाच होता. शेठच्या घरी सूर्य बुडाला की तोंड बंद. पाटलांच्या घरी दिवे लागल्यावर तोंड उघडतं. मग रोज संध्याकाळी भिंतीवरून शेठची हाक यायची, “पुना, दिन बुडी ऱ्हायना!” आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की पाटील जेवायला निघाले. बैलगाडी थांबवून लोक विचारत, पुनाभाऊ, दीक्षा कधी घेता? बरं, कांदा नाही, लसूण नाही, आणि दिवस हिवाळ्याचे. खान्देशात हिवाळ्यात वांग्याच्या भरताशिवाय राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शेतात तुराट्यांवर वांगी भाजल्याचा वास येतोय आणि पुना शेठच्या पाटावर बसून मुगाची डाळ भुरकतोय. तो म्हणायचा, मन्हा सात जन्मना पाप फिटनात. हिलाल आबांनी एकदा टोपीखाली कागदात लसणाचा ठेचा आणला. शेठचं नाक दुकानदाराचं, डब्यातल्या हिंगाचा वास झाकणावरून ओळखणारं. त्यांनी तडजोड केली. ठेचा ओट्यावर राहील, माणूस घरात बसेल. मग आबा दोन घास खायचे, उठून ओट्यावर जायचे, बोटाला ठेचा लावून चाटायचे, तोंड पुसून आत यायचे. जेवण कमी आणि कवायत जास्त.

कुंदाबाई चिडली होती. नवरा रोज शेजारी जेवतो हे कुणाला आवडेल? गाव विचारतं, घरमा काय भांडन शे का? एक दिवस ती तडक शेठच्या स्वयंपाकघरात शिरली, काटवट पुढे ओढली आणि कळण्याचं पीठ त्यात ओतलं. ज्वारीत उडीद घालून दळलेलं, तिच्या घरचं. “फुलका खाई खाई मन्हा माणूस वाळी गया. भाकर कर, शेठ.” तिने शिकवलं, शेठ शिकले. पहिली भाकर तव्यावर टाकताना दुमडली, दुसरी फाटली, तिसरी पाहून कुंदाबाई म्हणाली की हिला भाकर म्हणायला हरकत नाही, फक्त दिवसा कुणाला दाखवू नका. पिंपळाच्या पानांची मोजणी त्या दिवशी संपली.

आणि हळूहळू असं झालं की शेठ साध्वींना विसरले. पूर्ण नाही, पण दिवसाचा मोठा भाग विसरत. दुपारी चार वाजताच डाळ टाकायचे. पुनाला पातळ आवडते म्हणून पाणी जास्त घालायचे, हिलाल आबांचे दात नाहीत म्हणून भाकर आधी कुस्करून ठेवायचे. त्या स्वयंपाकघरात चार वर्षं भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता, तिथे आता ऊस कारखान्यापासून सुनांपर्यंत सगळ्यांची मापं काढली जात. एकदा पुनाला शेतात उशीर झाला, सूर्य बुडाला, आणि शेठही जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, भूक नव्हती. भूक नव्हती म्हणे!

संक्रांत झाली. सुरतेहून पुनाच्या मुलाचा, भूषणचा फोन आला. भूषण तिकडे साडीच्या कारखान्यात आहे, अर्धा खान्देश असतो तसा. त्याला मुलगा झाला होता. सून एकटी, घरात मोठं माणूस नाही. पुना आणि कुंदाबाईने बोचकी बांधली. जाताना पुनाने घराची किल्ली शेठच्या हातात ठेवली आणि सांगितलं की महिन्या-दीड महिन्यात येतो, तोवर सांजले देव्हाऱ्यात दिवा लावजो.

शेठ बावरले. त्यांच्या पंथात मूर्ती नाही, पूजा नाही, दिवा नाही. हे त्यांनी सांगायला सुरुवात केली.

“तुले देव मानाना नही,” पुना म्हणाला, “काडी लावानी शे.”

ते गेले. पाठोपाठ हिलाल आबांना लेकीने डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला नेलं. लोटन दोनदा आला, पण जिथे बोलायला एकच माणूस आणि तोही गप्प, तिथे बातमीचं पीक काय येणार? तोही यायचा थांबला. रोज सकाळी पाणी उकळायचं, संध्याकाळी पुनाच्या घरात काडी ओढायची, मधल्या वेळात दुकान. स्वयंपाकाची मात्र पंचाईत झाली. हाताला सवय चार माणसांची. मूठ पिठात गेली की चारांचं पीठ घेऊनच वर यायची. शेठ अर्धं परत डब्यात टाकायचे आणि डबा बंद करून थोडा वेळ तसेच उभे राहायचे.

अशात फोन वाजला. प्रेमराजजींचा संदेश: साध्वी धुळ्याहून निघाल्या.

आता पाहा, संकट कसं येतं. चार माणसांचा स्वयंपाक करावा, तर जेवणारा एक. कुणी विचारलं तर चार म्हणावं? कालपरवापर्यंत चारच तर होते, आणि किल्ली कमरेला आहे म्हणजे पुना या घरचाच नाही का? दुकानदाराचं डोकं, पळवाटा आपोआप निघत होत्या. पण महासतीजींचे ते डोळे आठवले की सगळ्या पळवाटा बुजायच्या. बरं, एकाचाच करावा म्हटलं, तरी उद्या साध्वी येणार हे कळल्यावर हात आखडणार नाही, हे शेठना पक्कं माहीत होतं. एक फुलका जास्त पडेलच, तूप एक चमचा वाढेलच. कळणं हाच सगळा घोटाळा होता. धनकुंवरबाईंना कधी कळलंच नाही, म्हणून त्यांचं कधी चुकलं नाही.

शेठ उठले, ज्वारीच्या कोठीचं झाकण काढलं आणि फोन ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून खोल पुरला.

त्या संध्याकाळी कोठी गुरगुरली. कोठीत मांजर अडकल्यासारखा आवाज. शेठना वाटलं, प्रेमराजजी. दिवस सांगायला फोन करताहेत. ते दुकानात जाऊन बसले. पुन्हा गुरगुरली. पुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अधूनमधून चाललं होतं आणि मग बॅटरी संपली असावी. कोठी गप्प झाली तेव्हा शेठना हायसं वाटलं. मग घर जरा जास्तच गप्प वाटायला लागलं.

अनुजने लोटनला फोन केला. लोटन वस्तरा हातात घेऊनच आला. “शेठ, तुन्हा पोऱ्या इचारस, बाप बरा शे ना?” शेठ म्हणाले, सांग, बरा आहे, फोन बिघडलाय. खोटं बोलले म्हणा, पण लोटनशी बोलले; ते कुठल्याच शास्त्रात मोजत नाहीत.

काही दिवस असे गेले. शेठ सकाळी दोन भाकरी करायचे, एक दुपारची, एक संध्याकाळची, आणि वाटीभर डाळ. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं आज काय होणार आहे. दारावर सावली पडली की ते अर्धे उठायचे आणि कुणीतरी गूळ मागायचं.

एका सकाळी सावली पडली आणि गूळ कुणी मागितला नाही. पांढरी वस्त्रं, झोळी, तेच डोळे. महासतीजी गेल्या वर्षापेक्षा वाकल्या होत्या. शेठनी हात जोडले.

“घर में कितने जन हैं?”

“एक.”

त्यांनी आत पाहिलं. टोपलीत दोन भाकरी, एक काठाला करपलेली. वाटीभर डाळ. पातेल्यात गार झालेलं उकळलेलं पाणी. महासतीजी बराच वेळ पाहत राहिल्या, आणि शेठना वाटलं, आता हे फार थोडं आहे म्हणून जातील. बिचाऱ्याने आयुष्यात एवढं गरीब ताट कुणापुढे केलं नव्हतं.

“इतना ही है?”

“इतना ही बनता है.”

“हम लेंगे, तो आपके लिए क्या बचेगा?”

“जो बचेगा, महासतीजी.”

झोळीतून पात्र निघालं. झाकण निघालं. त्यांनी एका भाकरीकडे बोट केलं, शेठनी ती मोडली. तुकडा सांडू नये म्हणून खाली दुसरा हात धरला. अर्धी भाकर आणि दोन चमचे डाळ पात्रात पडली, लहान साध्वीने पाणी घेतलं. महासतीजी एवढंच म्हणाल्या की आता मागाहून पुन्हा चूल पेटवू नका, नाहीतर आम्ही घेतलेलंही बिघडतं. शेठनी मान हलवली. साध्वींनी चवीबद्दल बोलायचं नसतं, त्या बोलल्याही नाहीत. पण भाकरीकडे पाहून त्यांनी विचारलं, ही कुणी शिकवली?

“पड़ोसन ने.”

महासतीजींनी शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं, मांगलिक म्हटलं आणि त्या निघाल्या. चमकणारी जाकिटं पिंपळापाशी उभी होती. त्यातला एक जण फोनवर काहीतरी टाइप करत होता.

शेठ दुपारी उरलेली अर्धी भाकर जेवले. इतकं गोड जेवण त्यांना कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. उन्हं कलली, साध्वी दोंडाईच्याच्या वाटेला लागल्या, तेव्हा त्यांनी कोठीत हात घातला. ज्वारी झटकली, फोन चार्जिंगला लावला. उजळल्याबरोबर तो थरथरायला लागला. गटावर प्रेमराजजींनी सोनबर्डीच्या पिंपळाचा फोटो टाकला होता, खाली हात जोडलेल्यांची रांग. अनुजचा फोन आला. त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता, पण बाप आता जळगावला येणार नाही, हेही त्याला कळलं होतं. मग म्हणाला, ठीक आहे बापूजी, तुम्ही जिंकलात. राहा.

मग शेठनी न उचललेल्या फोनांची यादी पाहिली, तर कोठीतून गुरगुरणारे प्रेमराजजी नव्हतेच. सगळे फोन पुनाचे होते.

त्यांनी पुनाला फोन लावला. तिकडे पहिल्या घंटीलाच उचलला गेला. मागे पोर रडत होतं.

“लिन्हं का?” पुनाने नमस्कार-चमत्कार न करता थेट साध्वींनी घेतलं का तेच विचारलं; बातमी गावातून सुरतेपर्यंत पोचली होती.

“लिन्हं.”

“कितलं?”

“अर्धी भाकर.”

“मन्हा घरनी बी अर्धीच लिन्ही व्हती,” पुना म्हणाला. “बराबरी व्हयनी.”

शेठ हसले. आता पुना पुढचं बोलेल, भाकर जळकी होती का विचारेल, कुंदाबाईची फी मागेल, म्हणून ते वाट पाहत राहिले.  शेवटी शेठच म्हणाले, “फोन कोठीमा व्हता. ज्वारीनी कोठीमा. माले दिन समजाले नको व्हता, म्हनीसन.”

तिकडे पोर अजून रडत होतं.

“तुले इचाराना व्हता,” पुना म्हणाला. “भूषण म्हनस, आते आठेच ऱ्हा. वावर बटाईले दी टाक. कुंदीनं मन बी पोरमा लागी गयं. म्हनं, शेठले इचारी पाहूत. तू ये म्हनता, तं मी ई जातू.”

“लोटनकडे निरोप...”

“लोटनले सांगाना म्हन्जे जिल्हाले सांगाना.” हे मात्र जुन्या पुनासारखं होतं. मग आवाज पुन्हा उतरला. “तू उचला नही. मी हा म्हनी दिधं.” म्हणजे शेत बटाईने देऊन पुना आता सुरतेलाच राहणार होता.

शब्द शेठच्या ओठांवर होता. एकच शब्द, ‘ये’, अहिराणीत आणि मराठीत सारखाच. अजूनही उशीर झाला नव्हता. पुनाच्या हो-नाहीला गावात कधीच कुणी दगडावरची रेघ समजलं नव्हतं. पण फोनमध्ये कुंदाबाई अंगाई म्हणत होती आणि पोर शांत होत चाललं होतं. त्या घरात आता किती जण असतील? चार, आणि एक तान्हं. हिशेब जुळत होता.

“बरं कया,” शेठ म्हणाले.

“दिवा लावस ना रे?”

“लावस.”

फोन ठेवला तेव्हा सूर्य बुडाला होता. टोपलीतली संध्याकाळची भाकर तशीच राहिली. आता ती खाता येणार नव्हती. शेठनी ती झाकली, कमरेची किल्ली काढली आणि शेजारचं दार उघडलं. खंडेराव, सप्तशृंगी आणि पुनाच्या वडिलांचा फोटो अंधारात बसले होते. काडी लावली. रोज ते दिवा लावून लगेच बाहेर पडत, आपलं इथे काय काम म्हणून. त्या दिवशी बसले.

लोटन सलून बंद करून त्याच वाटेने घरी चालला होता. पुनाच्या दाराच्या फटीतून उजेड आणि आत शेठचं बोलणं, मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेलं. एवढं भांडवल त्याला पुरेसं होतं. सकाळी दुकान उघडल्याबरोबर पहिल्याच दाढीला त्याने सांगितलं की पुना पाटील सुरतेहून परत आला, रात्री शेठ त्याच्याशी बोलत बसले होते, आपण कानांनी ऐकलं. दुपारपर्यंत तीन-चार जण शेठच्या दुकानावर येऊन विचारून गेले, काय शेठ, पुना उना म्हणे?

शेठ गूळ तोलत होते. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.